फॉरेनवालीचा एक्स-रे

गल्लीत तिला सगळे फॉरेनवाली म्हणत. परदेशातल्या एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत ती चादरींना इस्त्री करायची. करार संपला म्हणून घरी आली, नव्या व्हिसासाठी तपासणीला गेली आणि एक्स-रेत छातीत डाग निघाला. कागदावर शिक्का पडला, अनफिट.

"अहो, मला साधा खोकलासुद्धा नाही," ती एजंटला म्हणाली.

"डाग चादरीवरचा असता तर तुम्हीच काढला असता," एजंट म्हणाला आणि स्वतःच हसला. तीही हसली, हसायचं असतं म्हणून.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडासमोर धरली. "कधीतरी क्षय होऊन गेलाय, तुम्हाला पत्ताही लागला नाही. हा नुसता व्रण दिसतोय. थुंकी तपासू, काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढू. डाग वाढला नाही, तर तसं लिहून देते. मग परत अर्ज करा."

ते महिने ती स्वतःच्या घरात पाहुणीसारखी राहिली. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा, स्वयंपाकही त्याच्याच हातचा. ती ओट्याशी गेली की म्हणायचा, "तू बस गं, मी करतो." साखरेचा डबा कुठे, हे तिला विचारावं लागे. मुलगी कॉलेजातून आली की दारातूनच हाक मारी, "बाबा!" एकदा तिने पोरीची ओढणी इस्त्रीला घेतली, तर पोर म्हणाली, "राहू दे आई, तुला आराम सांगितलाय ना!"

कुणाचंच काही चुकत नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. दुपारभर ती भिंतीकडे तोंड करून पडे. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तेही येईना.

थुंकी स्वच्छ निघाली. डाग होता तेवढाच राहिला. तिने पुन्हा अर्ज केला, पुन्हा तपासणी झाली. एजंटचा फोन आला, "पेढे द्या, पास झालात!"

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी नवऱ्याने माळ्यावरची बॅग काढली. पुसता पुसता म्हणाला, "जाऊ नकोस म्हटलं तर?"

"म्हणताय का?"

तो फडकं पिळत राहिला. मग म्हणाला, "पोरीचं शिक्षण आहे अजून."

"हो ना," ती म्हणाली आणि साड्यांच्या घड्या घालायला बसली.

लॉन्ड्रीत जुन्या सोबतिणीने विचारलं, "बरी आहेस ना गं?"

"ठणठणीत," ती म्हणाली आणि ढिगातली वरची चादर ओढून घेतली.