द्वारकामावशींच्या चिठ्ठ्या

बाई फाईल काढायला खिडकीशी आली की द्वारकामावशी आधी विचारायच्या, "माहेरचं नाव सांग." बाई गोंधळायची. एखादी म्हणायची, आता त्याचं काय काम? मग मावशी मान वर न करता म्हणायच्या, "तुझ्या लग्नाला यायचं राहिलंय माझं."

येरवड्याच्या बाजूला एका धर्मादाय हॉस्पिटलाच्या रेकॉर्ड रूममध्ये त्या सत्तावीस वर्षं मदतनीस होत्या. मूळच्या खराडीच्या, तिथं ज्वारी उभी असायची तेव्हाच्या. शिक्षण सातवी. मी तिथं गेले ती शिकाऊ म्हणून. बी.एस्सी. झाल्यावर मी आरोग्य माहिती व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला होता. हे नाव सांगितलं की आमच्याकडे अजून विचारतात, म्हणजे नर्स का? नर्स नव्हे. पेशंटची माहिती नीट नोंदवायची, आजारांना ठरलेले क्रमांक द्यायचे, कागद संगणकात आणायचे, आणि ज्याला गरज आहे त्याच्या हाती ती माहिती वेळेवर पडेल हे बघायचं. शिक्षण चांगलं आहे, यात शंका नाही. मी ते कसं वापरलं, ते सांगते.

माझी शाळा मराठी. कॉलेजात सगळं इंग्रजीत चालायचं. वर्गात एखादी गोष्ट कळली नाही तरी मी हात वर करायची नाही, कारण प्रश्न इंग्रजीत जुळवेपर्यंत तास संपायचा. पाठांतर मात्र पक्कं होतं. नियम तोंडपाठ. त्यामुळे शेवटच्या सहामाहीत हॉस्पिटलात पाठवलं, तेव्हा जुन्या फायली स्कॅन करण्याचं काम आमच्या कॉलेजच्या मॅडमनी माझ्यावर सोपवलं. "रुपाली नियम सोडून वागणार नाही," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. मला फार बरं वाटलं होतं.

मावशींनी मला पहिल्या दिवशीच सांगितलं की एका बाईच्या दोन-दोन फायली असतात. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. दवाखान्यात नाव लिहायला भाऊ नाहीतर बाप येतो, आणि त्याच्या तोंडी पोरीचं माहेरचंच नाव असतं. तोच तो लिहून मोकळा होतो. पुढं दहा-पंधरा वर्षांनी तीच बाई नवऱ्याबरोबर येते ती सासरच्या नावानं. आडनाव बदललेलं, मधलं नाव बदललेलं, आणि खेड्यातल्या घरांतून पाळण्यातलं नावसुद्धा लग्नात बदललेलं. संगणकाला काय कळणार? त्याच्या दृष्टीनं बाया दोन. म्हणून मावशी माहेरचं नाव विचारायच्या, जुनी फाईल हुडकून काढायच्या आणि जुन्या कॅलेंडरचा कागद कापून दोन्ही फायलींना चिठ्ठी टाचायच्या. तीवर एवढंच, ही आणि ती एकच. जुन्या फायलीत काही जपण्यासारखं असलं तर तेही एका ओळीत. सही नाही, तारीख नाही.

मी ऐकलं. मान हलवली. कॉलेजात असल्या दुहेरी नोंदींवर आम्हाला एक अख्खा धडा होता, पण हे ऐकताना मला तो धडा आठवला नाही. मला वाटलं, मावशींची जुनी सवय आहे.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मावशी बारा दिवस रजेवर गेल्या. मी पहिल्या तीन रॅक घेतल्या. कामाच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की सही नसलेले सुटे कागद काढून नष्ट करावेत. मी चिठ्ठ्या काढल्या. वाचूनसुद्धा काढल्या. कुणाला तरी विचारावं असं दोनदा मनात आलं. पण विचारलं असतं तर मॅडमना वाटलं असतं, हिला एवढंही ठरवता येत नाही. सहाशेवर फायली झाल्या. चिठ्ठ्यांचं पोतं कागद कापायच्या यंत्रात गेलं. फायली नव्या खोक्यांत बसल्या, खोक्यांना चिकटपट्ट्या लागल्या. मावशी काळा चष्मा लावून परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "खोली बाई नवरीसारखी सजवलीस." मी हसले. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हाही नाही सांगितलं.

तीन आठवड्यांनी वाघोलीकडून सुशीला नावाची चाळिशीची बाई तापानं फणफणून आली. शुद्ध धड नव्हती. नवऱ्याला विचारलं, हिला कुठलं औषध बाधतं का? तो म्हणाला, माझ्या माहितीत नाही. खिडकीशी नवराच आलेला, त्याला बायकोचं माहेरचं नाव विचारलं तर म्हणाला, आधी फाईल द्या, माणूस मरतंय. मावशींनी खोकं उघडून सुशीलाची फाईल काढली, उलटीपालटी करून बघितली. चिठ्ठी नव्हती. फाईल वर गेली, इंजेक्शन दिलं गेलं, आणि दहा मिनिटांत त्या बाईचा घसा आवळला. दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. वाचली. देवाची कृपा म्हणायची, मी दुसरं काय म्हणणार.

शुद्धीवर आल्यावर तिनंच सांगितलं. माहेरची ती रतन. पहिल्या बाळंतपणात याच हॉस्पिटलात त्याच इंजेक्शननं तिचं अंग सुजलं होतं. नवऱ्याला कुणी कळवलं नव्हतं, बाळंतपण माहेरचं ना. रतनची फाईल आमच्याच खोलीत निघाली, तिचीही चिठ्ठी गेलेली. पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलेलं होतं.

मावशी मला रॅकमागं घेऊन गेल्या.

"पोरी, खरं सांग. मी हिला चिठ्ठी लावली होती असं मला वाटतंय. तू फाईल हाताळलीस तेव्हा होती का गं?"

"मला नाही दिसली, मावशी," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही. तेच आठवतं आणि जीव जातो. मग म्हणाल्या, "मग माझ्याच हातून राहिली असंल. डोळ्याचं झाल्यापासून माझं काई खरं न्हाई."

बाकीची खोकी उघडून चिठ्ठ्या आहेत का ते बघते, असं त्या हॉस्पिटलच्या अधीक्षक मॅडमना म्हणाल्या होत्या. मॅडमनी परवानगी दिली नाही. उलट मावशींनाच मेमो मिळाला, जुनी फाईल शोधण्यात हलगर्जीपणा. रेकॉर्ड रूममधून त्यांना चादरी-टॉवेलांच्या खोलीत टाकलं. सात महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या त्या तिथूनच. माझ्या कामाला कॉलेजनं उत्तम शेरा दिला.

मला खराडीतच नोकरी लागली. परदेशातल्या दवाखान्यांचे कागद वाचून आजारांना क्रमांक लावायचे. सोमवारी सुटल्यावर मी गावठाणातल्या देवळात जाते. देवापुढं उभं राहिलं की आपण चांगलेच वागतो असं वाटायची माझी सवय होती. ती त्या वर्षी गेली. हात जोडायची, पण तोंडून काही निघायचं नाही.

तिथंच एका सोमवारी मावशी दिसल्या. सुनेनं त्यांचा दंड धरला होता. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "रुपाली ना? वडील खडकीच्या फॅक्टरीत." सून, तेजस्विनी, मला जरा बाजूला घेऊन हळू आवाजात सांगू लागली. आईंना विसरायला होतं. हॉस्पिटलातच सुरू झालं म्हणे, एका पेशंटच्या जिवावर बेतलं होतं. तेव्हापासून त्या स्वतःच म्हणतात, मला काही आठवत नाही. यांनी डॉक्टर केला, गोळ्या चालू आहेत. गॅसला हात लावू देत नाही आम्ही. एकटीला बाहेर सोडत नाही.

मी तिला विचारलं, इतर काय काय विसरतात? ती थोडा विचार करून म्हणाली, तसं घरात काही विसरलेलं दिसलं नाही बाई. पण काळजी घेतलेली बरी.

त्यानंतरचे तीन सोमवार मी देवळात गेले नाही. चौथ्या रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. मुलगा योगेश पेपर वाचत होता. मावशी खिडकीशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी बसलेसुद्धा नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. चिठ्ठी होती. मी काढली. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं.

मेथीची काडी त्यांच्या हातात तशीच राहिली. "काय लिहिलं होतं तीवर?" त्यांनी विचारलं.

"रतन आणि सुशीला एकच. इंजेक्शन सोसत नाही."

"अक्षर माझंच?"

"तुमचंच."

त्यांनी डोळे मिटले. मी रडत होते, मला माफ करा म्हणाले. योगेशनं पेपर खाली ठेवला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मावशींनी हात वर केला.

"ती बाई जगली म्हणून तू इथं उभी हायस," त्या म्हणाल्या. "माफी देवाकडं माग, ते त्याचं काम हाय. माझ्याकडं कागद आण. मी विसरले न्हाई असा, हॉस्पिटलच्या शिक्क्याचा."

मी दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून अधीक्षक मॅडमकडे गेले. सगळं, बाकीच्या सहाशे फायलींचंही, मराठीत लिहून नेलं होतं, एक प्रत कॉलेजच्या मॅडमना. अधीक्षक म्हणाल्या, झालं गेलं, बाई निवृत्त झाल्या, आता कशाला उकरून काढता? पुढं तुम्हालाच जड जाईल. मी म्हटलं, जड जाऊ दे. पाच वेळा हेलपाटे मारले. कॉलेजच्या मॅडमनी फोन केला; रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की तुझा शेरा आता तसा ठेवता येणार नाही. दहा आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र मिळालं. द्वारकाबाईंना दिलेला मेमो मागे घेण्यात येत आहे, कागदपत्रातील त्रुटी त्यांच्याकडून झालेली नव्हती.

मी ते घेऊन गेले. मावशींनी चष्मा लावून स्वतःच वाचलं, मग योगेशच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, मोठ्यानं वाच. त्यानं वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. तेजस्विनी दारात उभी होती, तिच्याकडे बघून मावशी म्हणाल्या, "ऐकलंस?" तिनं मान खाली घातली. मग मावशी उठल्या, कुणाचा हात न धरता स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला.

त्यांनी चहा दिला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. कपात साखर बेताची होती. मी तो संपवला आणि निघाले.