दोन मुखवटे आणि एक फॉरवर्ड

माझ्या आजोळच्या महालक्ष्म्या एका घरात राहत नाहीत. वाटण्या झाल्या तेव्हा आजोबांनी शेत वाटलं, भांडी वाटली आणि शेवटी थोरलीचा मुखवटा थोरल्या मामाच्या हाती दिला, धाकटीचा धाकट्याच्या. भाऊ एकमेकांकडे फिरकणार नाहीत हे म्हाताऱ्यानं ओळखलं असावं. पण भाद्रपदात बहिणींना शेजारी उभं करायचं तर भावांना भेटावंच लागणार.

थोरली आता शहरात, नंदनवन वस्तीत असते, माझ्या थोरल्या मामेभावाकडे. त्याला आम्ही सारे दादा म्हणतो. धाकटी असते कुहीला, धाकट्या मामेभावाकडे. तो धान पिकवतो. एका वर्षी महालक्ष्म्या इथे, दुसऱ्या वर्षी तिथे. मी मुलीचा मुलगा आणि माझं गांधीबागेत कापडाचं दुकान, म्हणून दोघींची लुगडी माझ्याकडून. रंग एक, काठ एक. फरक पडला तर थोरली रुसते, असं दादाची बायको, म्हणजे आमची वहिनी सांगते. तिला हे कोणी सांगितलं, ते विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

तर गेल्या श्रावणात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दादानं एक मेसेज टाकला. महालक्ष्मी स्थापनेचे शास्त्रोक्त नियम. वाचता वाचता अंगठा दुखावा इतका लांब. खाली जोडलेले हात. दादा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला. आयुष्यभर त्यानं फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवल्या. आता मेसेज सरकवतो.

चहा गार व्हायच्या आत कुहीच्या भावाचं उत्तर आलं. तुमचा धर्म मोबाईलमधला, आमचा घरातला. दादानं लिहिलं, कृपया अभ्यास करून बोलावे. आमच्या घराण्यात कृपया हा शब्द लग्नपत्रिकेबाहेर कोणी वापरत नाही. तो दिसला आणि मी गल्ल्यावरची खुर्ची पुढे ओढली. पुण्याचा भाचा मध्ये पडला, की हे सगळंच थोतांड आहे. मग वेद आले, विज्ञान आलं, परदेशी शास्त्रज्ञ आले, संध्याकाळपर्यंत देशाचं भवितव्य धोक्यात आलं. मी दुकानात सगळं भांडण मोठ्यानं वाचून दाखवत होतो. दादाला राजाचा आवाज, भाच्याला पिपाणीचा. शेजारचे दुकानदार चहा घेऊन ऐकायला बसले.

तरुणपणी मी हौशी नाटकांतून कामं केली आहेत. रंगमंचावर दोन पात्रं भांडतात तेव्हा ती एकमेकांकडे पाहत नाहीत. जरा तिरकी उभी राहतात, चेहरा प्रेक्षकांना दिसावा म्हणून. मला वाटलं, इथेही तेच चाललंय. दादा भावाला लिहीतच नव्हता. अंधारात बसून, एक अक्षर न लिहिता सगळं वाचणाऱ्या आम्हा नातेवाइकांना लिहीत होता. भरल्या थिएटरात कोण म्हणेल, जाऊ दे, माझं चुकलं? हा माझा सिद्धांत मला फार आवडला. गिऱ्हाइकांनाही ऐकवला.

मग कुहीचा भाऊ ग्रुपमधून बाहेर पडला आणि वहिनीचा फोन आला. त्या वर्षी पाळी नंदनवनाची होती. फुलोऱ्याचं पीठ दळून आणलेलं, आणि भाऊ फोन उचलत नव्हता.

"थोरलीले एकटी उभी करू काय?" वहिनी म्हणाली. "बहीण कुठं हाय विचारलं तिनं तर मी काय सांगू? मी नाही उभी करत. राहू दे पेटीत."

वहिनी बोलली की तसंच करते. लग्न होऊन आल्यापासून तिनं एकही वर्ष चुकवलेलं नव्हतं.

मी धाकटीचं लुगडं घेऊन कुहीला गेलो. भाऊ बोअरवेलबद्दल बोलला, धानावरच्या किडीबद्दल बोलला, बाकी कशाबद्दल नाही. ओसरीत मामी शेंगा सोलत होती. धाकटी मामी, त्याची आई. दरवर्षी मी लुगडं तिच्याच हाती देतो. ती घडी मोडते, पदर मुखवट्याला लावून पाहते, मग म्हणते, शोभते गा. या वेळी तिनं हात पुढे केला नाही, पदरात लपवला.

"सुनेपाशी दे," ती म्हणाली. "माह्या हातानं नको आता. नातीनं वाचून दाखवलं. विधवेचा हात लागला का मुखवटा बाटते म्हणे."

मामा गेला तेव्हा मामी तरणीताठी होती. त्या भाद्रपदात आजोबांनी स्वतः मुखवटा तिच्या हाती दिला होता, आणि तेव्हापासून धाकटीला तीच सजवत आली. आमच्यापैकी कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी मोबाईल काढून मेसेज खाली खाली सरकवत गेलो. अगदी तळाशी तो नियम होता. इतक्या खाली मीही गेलो नव्हतो.

भावाला विचारलं, हे तू तेव्हाच का नाही लिहिलंस?

"काय लिहू गा ग्रुपवर?" तो म्हणाला. "माय रडून राहिली, असं लिहू?"

परतताना गाडीत माझा लाडका सिद्धांत मला अपुरा वाटायला लागला. प्रेक्षकांचं खरं होतं, पण अर्धंच. आमच्यापैकी कोणी धर्म पुस्तकातून घेतलेला नाही. आंबिलीत मीठ किती, कुंकू कोणत्या बोटानं, हे कोणाच्या तरी हाताकडे पाहून शिकलो. तुझं चूक आहे असं कोणी म्हटलं की फटका त्या हातावर बसतो. आणि तेवढंच चारचौघांत लिहिता येत नाही. मग माणूस वेदांवर लिहितो, विज्ञानावर लिहितो, देशावर लिहितो, आणि समोरच्याला कळतच नाही की हा इतका का पेटलाय.

नंदनवनात येऊन दादाला वहिनीसमोरच सांगितलं. त्यानं चष्मा लावला आणि तो मेसेज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला.

"हे मी पाठवलं?"

"तुमीच," वहिनी म्हणाली. "हात जोडून."

दादा मोबाईलवर काहीतरी लिहायला लागला. वहिनीनं मोबाईल काढून घेतला आणि गाडीची किल्ली हातात दिली. दादा कुहीला जाऊन आला. काय झालं विचारलं, तर म्हणाला, काकू, म्हणजे माझी मामी, आत होती, भाऊ पाहू म्हणाला. एवढंच.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी दुपार कलली. दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढून झाली होती. थोरली अजून पेटीत, वहिनी पेटीजवळ. मी खिडकीत. शेवटी फाटकाशी ऑटो थांबला. भाऊ उतरला, त्याची बायको उतरली, तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेली धाकटी. मामी सगळ्यांत शेवटी उतरली आणि फाटकापाशीच थांबली.

आमच्याकडे मुखवटा घेऊन येणाऱ्याला घरातल्यानं उंबऱ्यातून विचारायचं असतं, कोण आली. दादानं विचारलं नाही. तो अनवाणी खाली उतरला, भावाच्या बायकोकडून मुखवटा घेतला आणि फाटकाशी जाऊन मामीपुढे धरला.

"काकू, तू आण. मी विचारतो."

मामीनं मुलाकडे पाहिलं. मुलगा शेजारच्यांच्या भिंतीकडे पाहत होता. तिनं पदराला हात पुसले, पुन्हा पुसले आणि धाकटीला घेतलं. दादा परत उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. इतक्या हळू आवाजात विचारलं त्यानं, की मी त्याला नाटकात चोपदाराचंही काम दिलं नसतं.

"कोण आली?"

"लक्ष्मी आली."

"कशाच्या पावलानं आली?"

"हळदीकुंकवाच्या पावलानं आली."

"काय घेऊन आली?"

"धनधान्य घेऊन आली," मामी म्हणाली. मग जरा थांबून, "अन् तुह्या भावाले घेऊन आली."

वहिनीनं पेटी उघडली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी दादानं दोघींचा फोटो ग्रुपवर टाकला. मामी त्यांच्या मधोमध, हात धाकटीच्या पदरावर. लगेच पुण्याच्या भाच्याचा प्रश्न आला, हे आता शास्त्रात बसतं का. दादानं पुरणाचा हात पुसला आणि मोबाईल उचलला. भाऊ कढी वाढत होता. त्यानं पळी दादाच्या ताटावर धरली.

"जेव गा आधी."

दादानं मोबाईल पालथा ठेवला आणि भातात खळगा केला. भाऊ ग्रुपवर अजून परत आलेला नाही. पुढल्या भाद्रपदात थोरली कुहीला जाणार आहे.