एकटीसाठी अख्खी होडी

माझा मुलगा पुण्यात राहतो आणि मी जयपुरात. खरं तर हे उलटं असायला हवं होतं. मी नाशिकची, माहेर आणि सासर दोन्ही गंगेकाठचं. तो मात्र जयपूरच्या प्रताप नगरात, हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटमध्ये, हिंदी शाळेत वाढलेला. त्याच्या वडिलांची विम्याच्या नोकरीतली बदली इथे झाली आणि तीच शेवटची ठरली. ते गेले त्याला आता पाच वर्षं होतील. तेव्हापासून दर रविवारी मुलाच्या फोनचा विषय ठरलेला, फ्लॅट विक आणि पुण्याला ये.

मागच्या उन्हाळ्यात मी जिन्यात पडले. मनगट मोडलं, बाकी काही नाही. शेजारणीने त्याला कळवलं, "आंटीजी गिर गईं," आणि दुसऱ्या दिवशी हा विमानाने हजर. पंधरा दिवस त्याने माझं सगळं केलं, अगदी वेणीसुद्धा घालून दिली, हे मी नाकारत नाही. पण जाण्याच्या आदल्या दिवशी तो फ्लॅट दाखवायला एक दलाल घेऊन आला. मला न विचारता. दलाल माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून ओट्याची लांबी बघत होता आणि मी हात गळ्यात अडकवून त्याला चहा घेणार का म्हणून विचारत होते. तो राग माझा अजून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

"मतलब आई, मी तुझ्या भल्यासाठीच करतोय ना," तो म्हणाला.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच की उंट इकडे जयपुरात आणि हाकणारा तिकडे पुण्यात. दलालाला मी चहा देऊन वाटेला लावलं.

आता होडीचं सांगते. दोन वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नासाठी नाशिकला गेले होते. लग्नानंतर घरच्या सगळ्या बायका गंगेची ओटी भरायला निघाल्या. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. मीही ताट घेऊन निघाले. पायऱ्यांवर धाकट्या नणंदेने ते ताट माझ्या हातातून हळूच काढून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही राहू द्या." इतक्या गोडीने म्हणाली की मला भांडताही येईना. नवरा गेलेल्या बाईने ओटी भरायची नसते, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण लहानपणापासून जिच्या पाण्यात पाय सोडून बसले, तिची ओटी भरायला मला नवरा लागतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी पायऱ्यांवर बसून सगळ्यांच्या चपला राखल्या.

तेव्हाच मनाशी ठरवलं, या टोकाला नाही तर त्या टोकाला. गंगा समुद्राला मिळते तिथे कुणी नणंद नसणार.

आंध्रात राजमहेंद्रीच्या खाली गोदावरीला फाटे फुटतात आणि ती नारळीच्या बागांमधून, खाड्यांमधून पसरत समुद्राला जाते. मी आधी एका टूरवाल्याकडे चौकशी केली. त्याने विचारलं, सोबत कोण? कोणी नाही म्हटल्यावर म्हणाला, मग मुलाचं संमतीपत्र लागेल. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी मुलाचं संमतीपत्र नेऊन द्यायचं. शिवाय टूरमध्ये चाळीस माणसं, आणि त्यांत दहा तरी नणंदा निघणारच. मी फोन ठेवला आणि तिथल्याच, मुखाजवळच्या नरसापूरच्या एका लॉजवाल्याकरवी होडी ठरवली, अख्खी, एका दिवसासाठी, एकटीसाठी. लॉजवाल्याने तीनदा विचारलं, किती माणसं? मी तीनदा सांगितलं, एक.

मुलाला कळलं आणि मग काय, आकाश कोसळलं. "तू अकेलीच जाणार? बोटवाला कोण आहे? तिथे तर तेलुगू बोलतात, तुला काय समजणार?" बोलता बोलता आवाज चढला आणि शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. एक दिवस तरी एकटीने नीट निभावून दाखव. चार वाजता काठावर येऊन मला फोन कर. नाही आला फोन, तर मार्चमध्ये फ्लॅट विकायचा आणि तू इकडे यायचं. बोल, शर्त?"

रागाच्या भरात मी हो म्हटलं. माझं पहिलं चुकलं ते इथे.

ओटीचं सामान मी जयपुरातच घेतलं. आपल्याकडचा खण इथे कुठला मिळायला, म्हणून सांगानेरी छापाचा ब्लाउजपीस घेतला. बांगड्यांसाठी जुन्या शहरात, चारदीवारीतल्या लाखेच्या दुकानात गेले आणि हिरव्या मागितल्या. दुकानदाराने माझ्या रिकाम्या कपाळाकडे बघून विचारलं, "बहूजी के लिए?" मी म्हटलं, "नदी के लिए." तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "नाप?" मला तो माणूस फार आवडला. मी म्हटलं, सगळ्यात मोठं द्या.

हैदराबादला गाडी बदलून नरसापूरला पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होडी निघाली. लाकडी होडी, मागे इंजिन, वर ताडपत्रीचं छप्पर. नाववाला पन्नाशीचा, दहा वर्षं दुबईत काढून परत आलेला, त्यामुळे हिंदी त्याची तिकडची. मला बघून त्याने माझ्या मागे पाहिलं, आणखी कोण येतंय म्हणून. कोणीच येत नाही म्हटल्यावर त्याने छपराखाली सहा जणांसाठी अंथरलेल्या चटया गुंडाळल्या आणि एकच ठेवली. मी त्याला म्हटलं, सगळ्या राहू द्या, मी आलटून पालटून बसेन. आणि बसलेही.

काय सांगू तो सकाळचा प्रवास. नाशिकची गंगा मी घाटांत बांधलेली पाहिलेली, उन्हाळ्यात तर पाय भिजवायचे म्हटले तरी पाणी शोधावं लागतं. आणि जयपुरात नदी म्हणून जी दाखवतात ती सिमेंटमध्ये बसवलेली, तिच्या कडेने मी सकाळी फिरायला जाते. इथे पलीकडचा काठ एक हिरवी रेघ होता. मध्येच तो जवळ यायचा, नारळीच्या झावळ्या डोक्यावरून जायच्या, कुणी बाई काठावर भांडी घासताना मान वर करून बघायची, आणि परत पाणीच पाणी. मुख्य प्रवाह सोडून आम्ही तिवरांच्या झाडीतल्या एका अरुंद फाट्यात शिरलो. इंजिन बंद केल्यावर चिखलातल्या खेकड्यांची टिकटिक ऐकू येत होती. कोणी मला शाल घ्या म्हणत नव्हतं, कोणी औषध घेतलं का विचारत नव्हतं. मी मोठ्याने हसले. नाववाल्याने एकदा बघितलं आणि आपली विडी पेटवली.

दहाच्या सुमाराला समुद्र जवळ आला. वाऱ्याला खारट वास लागला. एका रेतीच्या उंचवट्याजवळ मी होडी थांबवायला सांगितली आणि साडी वर खोचून पाण्यात उतरले.

नाववाला म्हणाला, "अम्मा, जल्दी. पानी उतर रहा. इधर ज्यादा रुकना नहीं."

आता इथे माझं नाशिक आडवं आलं. आमच्या घाटावर जन्मभर मी हेच ऐकत आले. आटपा, चला, पुढच्यांना जागा द्या. तिथे घाई करणाऱ्याचं ऐकलं की पूजा अर्धवट राहते, त्यामुळे ऐकायचं नाही हे आमच्या हाडात मुरलेलं. मी त्याला घाटावरच्या भटजींना देतात तेच उत्तर दिलं, "देईन तुम्हाला काय ते, घाई करू नका."

मी सगळं यथासांग केलं. ब्लाउजपीस, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ, बांगड्या. हळदीकुंकू वाहिलं. ओटी पाण्यात सोडली तर ती सरळ समुद्राच्या दिशेने निघाली, कुठे अडली नाही की फिरली नाही. मग मी रेतीवर बसले आणि मनसोक्त रडले. नवऱ्यासाठी थोडी, पण जास्त त्या चपला राखल्याच्या आठवणीने. पाणी माझ्या पायांपासून हळूहळू मागे सरत होतं, रेती उघडी पडत होती, आणि मला वाटलं, गंगा मला बसायला जागा करून देतेय. कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा मला हसलं असतं.

उठून बघते तर होडी तिरकी झालेली. चारी बाजूंना काळाभोर गाळ, आणि पाणी कितीतरी लांब.

"ओहोटी," मी म्हटलं. तो शब्द मला माहीत होता. शाळेत भूगोलात पाठ केला होता, चंद्रासकट.

"अभी छह घंटा इधर," नाववाला म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त शरम वाटली. "पाँच बजे पानी आएगा. सीधा जाएगा, छह बजे घाट."

मी त्याची माफी मागितली. हात जोडून, नीट. तो म्हणाला, "दुबई का मालिक कभी नहीं बोला माफ करो. तुम बोला, बस." मग त्याने डबा काढला. भात आणि माशाचं कालवण. मी मासे खात नाही. मी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, शेजारणीने दिलेल्या मठऱ्या काढल्या. त्याने दशमी कालवणात बुडवून खाल्ली आणि आणखी एक मागितली.

जेवताना मी त्याला शर्तीचं सांगितलं. चारला काठावर नसले तर घर जाणार.

त्याने विचार केला. लांबवर नारळीची झाडं दिसत होती, ती दाखवत म्हणाला, "वो पीछे रखके वीडियो करो. बोलो, किनारा में है. बेटा क्या देखता."

खोटं कशाला सांगू, मी उठून उभी राहिले आणि झाडं मागे नीट येतात का ते फोनमध्ये बघितलंही. येत होती. छान येत होती. चेहरा जरा रापलेला, पण हसरा. मुलाने शंभर टक्के विश्वास ठेवला असता. मी जिंकले असते.

आणि मग पुढच्या वर्षी? गुडघा दुखला की नवी शर्त, डोळ्यांत मोतीबिंदू आला की नवी शर्त. दर वेळी मी पास होऊन दाखवायचं, आणि एकदा नापास झाले की संपलं. त्या फोनमध्ये स्वतःचा चेहरा बघता बघता मला स्वतःचाच इतका राग आला. ज्या घरात तीस वर्षं स्वयंपाक केला, ज्याच्या कागदावर माझं नाव आहे, त्यात राहण्यासाठी मी परीक्षेला बसलेच कशी?

दोन वाजले होते. चारची वाट न बघता मी फोन लावला.

"पोचलीस?" त्याने उचलताच विचारलं.

"नाही. होडी गाळात रुतलीय. चूक माझी आहे, नाववाला सांगत होता, मी ऐकलं नाही. पाचला पाणी चढेल, सहापर्यंत काठावर येईन."

"मतलब तू समुद्रात अडकलीयेस?"

"समुद्र पुढे आहे. मी गाळात आहे." आणि व्हिडिओ लावून, फोन फिरवून त्याला सगळं दाखवलं. गाळ, तिरकी होडी, दशमी खाणारा नाववाला.

तो बराच वेळ बोलत होता. "मी म्हटलं होतं ना, आता कोणाला तरी फोन करतो, त्या लॉजवाल्याला सोडणार नाही." मी त्याला बोलू दिलं. मग म्हटलं, "कोणालाही फोन करायचा नाही. मला लागलेलं नाही, पाणी आहे, खायला आहे."

"बरं," तो म्हणाला. "मग शर्त तर तू हरलीस."

"हरले."

"मग मार्चमध्ये..."

"हरले, आणि मी येणार नाही. फ्लॅट विकणार नाही. जिंकले असते तरी शर्त जिंकले म्हणून राहिले नसते. माझ्या घरात राहायला मी कोणाशी शर्त लावायची नव्हती. लावली ती माझी चूक, आणि तू लावायला सांगितलीस ती तुझी."

"पुन्हा पडलीस तर?" त्याने विचारलं.

"पडेन. हाड मोडेल, जोडेल. नाही जोडलं तर बघू."

"आई, मला भीती वाटते यार." एवढंच म्हणाला. त्याचे बाबा गेले तेव्हा तो विमानतळावर होता, उड्डाण उशिरा होतं, त्यामुळे घरी पोचायला उशीर झाला. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललेलो नाही. मनात आलं, आत्ताच्या आत्ता म्हणावं, येते रे बाबा पुण्याला.

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "तुझी भीती खरी आहे. पण ती घालवायला माझं घर विकता येणार नाही."

नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "होळीला मी जयपूरला आलो तर चालेल तुला?"

गेली पाच वर्षं तो मला येण्याची तारीख कळवत आला होता. चालेल का, असं त्याने आज पहिल्यांदा विचारलं.

"बघते," मी म्हटलं. "माझं काय ठरतंय ते पाहून तुला कळवते."

आणि फोन मी आधी ठेवला.