टेलरबाईंनी मागितलेले सहा आठवडे

थंडीच्या तोंडावर टेलरबाईंचा पाय मोडला आणि मुलाला एकदम शहाणपण सुचलं. तो त्यांना उचलून स्वतःच्या घरी घेऊन गेला. दोन महिने बाईंनी तिथे तोंड मिटून काढले. प्लास्टर निघालं त्या दिवशी मात्र त्यांनी फर्मान काढलं, "मला माझ्या खोलीवर सोड."

खोलीत शिवणयंत्र, कापायचं टेबल आणि खिडकीत लाल लिलीची कुंडी. ही लिली थंडीत पानं टाकते आणि मातीतल्या कंदात झोपून राहते. तेव्हा तिला पाण्याचा थेंबही द्यायचा नसतो. पण खोलीची किल्ली होती शेजारच्या नर्सबाईंकडे, आणि त्यांचा जन्म गेला आजाऱ्यांना घोटघोट पाणी पाजण्यात. वाळलेली पानं पाहून त्यांचा जीव कळवळला. रोज सकाळी तांब्याभर पाणी त्यांनी न चुकता ओतलं होतं.

मुलाने कुंडीत बोट घातलं, तर नुसता चिखल आणि कुजका वास.

"दोन महिन्यांत हिची ही गत झाली. उद्या तू इथे एकटी पडलीस तर?"

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. "सहा आठवडे दे. हिला फूल आणून दाखवते. नाही आलं, तर गपगुमान तुझ्याकडे येऊन राहीन."

मुलगा हसतच कबूल झाला. मेलेल्या कंदावर पैज लावायला कोण घाबरतं?

तो जिना उतरला आणि बाईंनी कात्री उचलली. कापडाच्या त्या कात्रीला त्यांनी आजवर कागदसुद्धा कापू दिला नव्हता. आज तिनेच काळी मुळं छाटली, सडलेले पापुद्रे काढले. आत लिंबाएवढा पांढरा गाभा उरला. त्याला कोळशाची पूड लावून चार दिवस सावलीत सुकवला, मग कोरड्या मातीत अर्धा पुरला आणि कडेकडेने चमचाभर पाणी घातलं.

नर्सबाई दारात रडवेल्या उभ्या. "मीच मारलं हो हिला!"

"मारलं नाहीत, लाड केलेत. तिकडे माझंही तेच चाललं होतं."

रोज सकाळी कुंडी उन्हाकडे फिरवायची आणि यंत्राच्या पायडलवर बसायचं, असा बाईंनी नेम धरला. पहिल्या दिवशी वीतभर शिवण होईतो पाय ठणकायला लागला. बाईंनी त्याला अशा शिव्या घातल्या की नर्सबाईंनी कान झाकले. तिसऱ्या आठवड्यात त्या काठी टेकत जिना उतरल्या. पाचव्यात काठी खुंटीला लावली.

ठरल्या दिवशी मुलगा रिकामी बॅग घेऊन हजर. कंदावर नखाएवढं हिरवं टोक आलं होतं, बाकी काही नाही.

"फूल म्हणाली होतीस, आई."

"म्हणाले होते. मुळं छाटलेला कंद त्या वर्षी फुलत नाही, हेही मला ठाऊक होतं."

"मग पैज कशाला लावलीस?"

"पायासाठी. सरळ मागितले असते, तर तू सहा दिवसही दिले नसतेस."

बाई यंत्रावर बसल्या आणि पायडल मारलं. एका दमात अख्खा परकर शिवून त्यांनी दोरा तोडला. मुलगा बॅग हातात धरून त्यांच्या पायाकडे बघत राहिला.

"ही चक्क फसवणूक आहे."

"आहेच. पुढच्या वर्षी फूल बघायला ये. आणि आधी फोन कर, मी घरात असेनच असं नाही."