आत्याच्या कपाटावरची घरघर

आमच्या घरात एखादी वस्तू ठेवायची कुठे, हा प्रश्न कधी फार वेळ टिकला नाही. व्यायामाची सायकल आली, बाबांनी ती चार दिवस हौसेने मारली आणि मग ती आत्याच्या खोलीत गेली. प्रवासाच्या बॅगा तिच्या पलंगाखाली. इस्त्रीचं टेबल तिच्या दाराआड. जुना टीव्ही टाकवत नाही म्हणून तिच्या खिडकीशी. तिला कोणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. "ताईच्या खोलीत ठेव" हे वाक्य बाबा "दार लावून घे" म्हणावं इतक्या सहज म्हणायचे.

आत्या बाबांची थोरली बहीण. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा बाबांचं शिक्षण तिच्या पगारावर झालं. तिने लग्न केलं नाही. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे तिने नोकरीची सगळी वर्षं काढली. तिचा आवाज असा, की माईक बंद पडला तरी पार टोकाच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला आपलं नाव ऐकू जायचं. ओरडायची नाही, शब्द स्वच्छ टाकायची. निवृत्त झाल्यावर तिने हाच आवाज कामी लावला. शहरातल्या एका ग्रंथालयात अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवतात. आत्या घरी बसून ते काम करायची. टेबलावर छोटा माईक, शेजारी पाण्याचं भांडं, दाराला जाड पडदा. दुपारी घर शांत असलं की ती वाचायला बसायची. पैसे मिळत नसत, म्हणून बाबा त्याला "ताईचा विरंगुळा" म्हणायचे. मला तेव्हाही तो शब्द खटकायचा.

एके दिवशी अंगणात उभ्या असलेल्या बाबांच्या नव्या गाडीवर कोणीतरी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा काढला. बाबांनी घर डोक्यावर घेतलं. आठवड्याच्या आत घराभोवती कॅमेरे लागले. कॅमेऱ्यांच्या सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात तो रेकॉर्डर, म्हणजे आमच्या भाषेत 'डबा', कुठे ठेवायचा, असं कॅमेरेवाल्याने विचारलं. बाबांनी मान वर न करता सांगितलं, "ताईच्या खोलीत. तिथे कोणाची ये-जा नसते."

"मी असते की तिथे," आत्या म्हणाली.

"अगं, वर कपाटावर राहील. तुला काय त्याचा त्रास?"

तेव्हा मी एक नोकरी सोडून दुसरी लागायची वाट पाहत घरीच होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

सुरुवातीला डबा नुसता गुणगुणायचा. मग हळूहळू त्याची घरघर झाली, आणि उन्हाळा लागल्यावर तर तिच्यात एक खरखर मिसळली. कोणीतरी कंगव्याच्या दातांवरून नख फिरवत बसल्यासारखी. मध्येच थांबायची, आता गेली असं वाटेपर्यंत पुन्हा सुरू.

आत्याने बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "पंख्याचाही आवाज येतोच ना? सवय होईल." तिने पुन्हा सांगितलं. बाबा म्हणाले, "तू त्याच्याकडे लक्ष देतेस म्हणून ऐकू येतो. लक्षच देऊ नकोस." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ते हसले आणि आईला म्हणाले, "ताईचे कान आता जरा हळवे झालेत." आईने ताटाकडे बघत मान हलवली. तिची मान 'हो' म्हणत होती की 'नाही', ते कळलं नाही. आमच्याकडे असंच चालतं.

आत्याने मग स्वतः कॅमेरेवाल्याला फोन केला. बरेच दिवस वाट पाहायला लावून तो आला. तरतरीत माणूस, कमरेच्या पट्ट्याला दोन-दोन फोन. खोलीत येऊन त्याने मान तिरकी करून डब्याकडे पाहिलं, वरून दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "आजी, मशीन आहे, आवाज करणारच. नॉर्मल आहे."

"मी तुमची आजी नाही. आणि उघडून न बघता नॉर्मल कसं कळलं?"

तो हसला. बाहेर येऊन बाबांना म्हणाला, "साहेब, काही नाही, सगळं ओके आहे." झालं! बाबांच्या दृष्टीने तो विषय तिथेच मिटला. "तज्ज्ञ येऊन बघून गेला. आता तरी समाधान झालं का?" असं त्यांनी आत्याला विचारलं. विचारलं म्हणजे तिच्या उत्तराची वाट न पाहता टीव्ही लावला.

पुढच्या आठवड्यात ग्रंथालयातल्या बाईंचा फोन आला. आत्याने फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे मीही ऐकलं. त्या अवघडून बोलत होत्या. "ताई, राग मानू नका, पण मागे गिरणी चालू आहे का हो? या वेळचे सगळेच भाग परत वाचावे लागतील. ज्या मुलीसाठी वाचताय तिची वकिलीची परीक्षा जवळ आली आहे, म्हणून घाई करतेय. ती हेडफोन लावून दिवसभर ऐकते. म्हणाली, डोकं ठणकतं."

आत्याचा चेहरा उतरला. केलेलं काम परत आलं असं तिच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. पण फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत निराळंच काही होतं. "बघ," ती म्हणाली, "त्या मुलीलाही ऐकू येतंय. म्हणजे माझे कान शाबूत आहेत!" स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवायला तिला परक्या मुलीची साक्ष लागली, याचा मला इतका संताप आला की मी तशीच उठून बाबांच्या दुकानात गेले. बाबांचं रंगांचं दुकान आहे. मी सगळं सांगितलं. ते बादलीत रंग ढवळत म्हणाले, "मग ताईला सांग, वाचताना डब्यावर टॉवेल टाक."

आत्याने टॉवेल टाकला. डबा तापला आणि टीं-टीं असा कर्कश ओरडायला लागला. टॉवेल काढला तरी थांबेना. बाबांनी कॅमेरेवाल्याला फोन लावला. त्याने आपल्या जागेवर बसल्या बसल्या फोनवरून काहीतरी केलं आणि ती टीं-टीं बंद झाली. ती कशासाठी होती हे त्याने सांगितलं नाही, बाबांनी विचारलं नाही. उलट संध्याकाळी आत्यालाच बोलणी बसली. "एवढी महागाची वस्तू, तिच्यावर टॉवेल कशाला टाकायचा?"

"तूच सांगितलंस."

"मी आपलं बोलण्याच्या ओघात बोललो."

मग तिने दुसरा मार्ग काढला. वाचण्यापुरता ती डब्याचा प्लग काढायची. तर तिसऱ्या वाक्याला बाबांचा फोन वाजायचा. त्यांच्या मोबाईलवर कॅमेरे दिसेनासे व्हायचे ना! "कोणी बंद केलं? घर उघड्यावर टाकायचंय का?" आत्या घरात, मी घरात, आई घरात, तीन बायका घरात असून घर उघड्यावर पडलेलं होतं म्हणे.

एके दिवशी असा फोन आल्यावर तिने वाचन तिथेच थांबवलं. पुस्तक मिटलं, माईकची वायर गुंडाळली. दुसऱ्या दिवशी दुकानातून जेवायला आलेले बाबा जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे दुपारच्या झोपेसाठी आपल्या खोलीकडे निघाले, तर तिथे आत्या. त्यांच्या टेबलावर माईक मांडलेला, खुर्चीत ती ताठ बसलेली.

"आजपासून दुपारी मी इथे वाचणार. तू माझ्या खोलीत झोप."

"हे काय खूळ?"

"नॉर्मल आवाज आहे ना? लक्ष दिलं नाही की ऐकू येत नाही ना? मग जा, लक्ष देऊ नकोस."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई चादरीची घडी घालत होती. तिने ती घडी मोडून पुन्हा घातली. शेवटी "त्यात काय मोठंसं!" असं म्हणत बाबा उशी काखेत मारून आत्याच्या खोलीत गेले आणि दार लावलं.

मी आणि आई बाहेरच्या खोलीत बसलो. आतून एकदा खाट करकरली. मग पुन्हा. मग कपाटावर दोन थापा पडल्याचा आवाज. मग सायकलला पाय अडखळल्याचा आवाज आणि एक शिवी. बाबा बाहेर आले ते पाणी प्यायला आल्यासारखं दाखवत, पण डोळे तांबारलेले आणि केस विस्कटलेले.

"हा काय आवाज आहे की थट्टा?" ते गरजले. "मशीन असं वाजतं का कधी? यात नक्की काहीतरी बिघडलंय!"

आईच्या हातातली चादर तशीच राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने एक बाई तेच सांगत होती, तेव्हा तो तिच्या कानांचा दोष होता. यांची एक झोप मोडली आणि तो डब्याचा दोष झाला! बाबा कॅमेरेवाल्यावर फोनवर असे काही बरसले की शेजारचे गॅलरीत आले. "आजच्या आज या! ताबडतोब!" आणि तो आला. आत्याच्या वेळी त्याला यायला किती दिवस लागले होते, ते मी त्याला तोंडावर सुनावलं.

या वेळी त्याने डबा खाली काढला, स्क्रू सोडवून झाकण उघडलं. आत धुळीची गादी बसलेली. कोपऱ्यातल्या छोट्या पंख्याचं एक पातं अर्धवट तुटून बाजूच्या पत्र्याला घासत होतं. ती खरखर त्याची. आणि घरघर होती हार्ड डिस्कची. ती चार स्क्रूंनी आवळायची असते. बसवताना त्याने एकाच बाजूचे दोन लावले होते. त्यामुळे ती जागच्या जागी थरथरायची आणि सगळा पत्रा तिच्याबरोबर वाजायचा. त्याने डबा टीव्हीला जोडून काहीबाही बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"साहेब, रेकॉर्डिंग होत नव्हतं."

"म्हणजे?"

"डिस्क खराब झाली आहे. तुम्हाला मोबाईलवर चालू चित्र दिसत होतं, पण साठत काही नव्हतं. मध्यंतरी टीं-टीं वाजत होतं ना, ते त्याचंच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

एवढा वेळ दारात उभी असलेली आत्या आत आली.

"आधी सांगायला हवं होतं?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. दवाखान्याच्या त्या टोकाच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज होता. "मी सांगितलं तेव्हा तुम्ही याच डब्यावर थापा मारून गेलात. मला आजी म्हणालात, आणि ओके आहे ते याला सांगितलंत. आणि तू रे? मी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करून उभा आहेस. बरोबर आहे, तू पहिल्यांदाच ऐकतोयस! मी माणूस नव्हते का या खोलीत?"

कॅमेरेवाला स्क्रू मोजत बसला. बाबा घाईघाईने म्हणाले, "अगं ताई, आता करतोय ना तो दुरुस्त. नवा पंखा बसवेल, नवी डिस्क बसवेल. गप्प होईल डबा."

"गप्प होऊ दे नाहीतर गाऊ दे. माझ्या खोलीत तो परत येणार नाही."

"आता तर आवाज येणार नाही म्हणतोय ना मी! उगाच भिंतीला नवी भोकं पाडायची, वायरी ओढायच्या..."

"पाड."

ती कपाटासमोर खुर्ची ओढून बसली. बाबांनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, "घरात काही अर्थ राहिला नाही" असंही म्हणून झालं. ती हलली नाही. आणि तेव्हा आई बोलली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"जिन्याखालच्या कपाटात बसेल तो. बुटांची फळी काढली की झालं. मी रिकामी करते." आणि ती खरंच उठून बूट बाहेर काढायला लागली. मीही तिच्याबरोबर गेले.

संध्याकाळपर्यंत डबा जिन्याखाली गेला. नवा पंखा, नवी डिस्क, सगळे स्क्रू, खाली रबराच्या गुट्ट्या. कान लावला तरच कळेल एवढाच आवाज. दुरुस्ती काही मोठी नव्हती. सुरुवातीलाच झाकण उघडलं असतं तर तेव्हाच झाली असती. मला अजूनही चीड येते ती याची.

आत्याने पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या की यावेळी मागे टाचणी पडल्याचासुद्धा आवाज नाही. त्या मुलीपर्यंत सगळे भाग परीक्षेआधी पोचले. निकालाचं आम्हाला काही कळलं नाही.

बाबांनी माफी मागितली नाही. उलट पाहुणे आले की जिन्याखालचं कपाट उघडून दाखवतात आणि सांगतात, "मी एक दुपार त्या खोलीत झोपलो आणि माझ्या लगेच लक्षात आलं, काहीतरी गडबड आहे." पाहुणे कौतुकाने मान डोलावतात. आत्या तिथे असली तर उठून आत जाते.

महिन्याभराने तिने सुताराला बोलावलं. बाबांना वाटलं, खिडकीचं काही काम असेल. सुताराने तिच्या दाराला आतून कडी बसवली, चांगली जाड, पितळी. बाबा दुकानातून आले, त्यांनी कडी पाहिली आणि ते त्यांच्या मनाला लागलं.

"ताई, घरातल्या घरात कडी? आम्ही काय परके आहोत?"

आत्याने कडी लावून बघितली, काढून बघितली. नीट बसत होती. "सायकल आणि बॅगा बाहेर काढल्यात," ती म्हणाली, "त्या कुठे ठेवायच्या ते तुझं तू बघ."