कठड्यावरची गाठ

माझा मामा राहायचा त्या इमारतीत सगळे त्याला मुदतकाका म्हणायचे. इमारतीची देखभाल त्याच्याकडे होती, आणि पंपाच्या वॉशरपासून गच्चीवरच्या डांबरापर्यंत कुठली वस्तू किती टिकणार हे त्याच्या डोक्यात पक्कं असायचं. ‘बिघडल्यावर कोणीही बदलेल,’ तो म्हणायचा, ‘चालू आहे तोवर बदलायला अक्कल लागते.’ भाडेकरू कुरकुरायचे. तो कोणाला दाद द्यायचा नाही.

मामी त्याची खेचायची. ‘अहो, माझी मुदत कधी भरतेय तेही सांगून ठेवा. कपाट आवरून ठेवीन.’ एवढ्या एका गोष्टीवर मामा चिडायचा.

मामीची नजर हळूहळू गेली होती. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी रोज सकाळी ती एकटी जिना उतरायची, कोपऱ्यावरून दूध आणि पाव घ्यायची आणि वर यायची. कोणी हात पुढे केला की झटकून टाकायची. दिवसभरात तेवढंच एक काम तिचं स्वतःचं उरलं होतं आणि ते तिने जिवापाड जपलं होतं. ‘पायऱ्या मोजत असणार,’ मामा कौतुकाने सांगायचा. तिला विचारलं मात्र कधीच नाही.

जिन्याचा लोखंडी कठडा फार जुना होता. मामाने स्वतः जागोजागी वेल्डिंग करून तो जगवला होता, आणि त्या ओबडधोबड गाठींची त्याला लाज वाटायची. शेवटी कठडा गंजून आतून पोकळ झाला आणि मामाने त्याची मुदत भरल्याचं जाहीर केलं. यात त्याचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मालकाच्या हात धुऊन मागे लागून त्याने स्टीलचा कठडा मंजूर करून घेतला. काम चालू होतं तोवर मामी माझ्याकडे राहिली. ती परतली तेव्हा मामाने तिचा हात धरून कठड्यावरून खालपासून वरपर्यंत फिरवला.

‘सांग, कुठे सांधा लागतोय?’

‘नाही हो,’ मामी म्हणाली. ‘अगदी गुळगुळीत झालाय.’

मामाचे पाय दिवसभर जमिनीवर नव्हते.

त्याच आठवड्यात मामीचे गुडघे दुखायला लागले. दूध मामा आणू लागला. डॉक्टर झाले, तेलं झाली, गरम पाण्याच्या पिशव्या झाल्या, फरक म्हणून पडला नाही. मी गेले की ती खिडकीशी बसलेली असायची. ‘सगळं हातात मिळतंय बाई, राणीचा थाट आहे,’ म्हणायची. बसून बसून ती खंगली आणि साध्या तापाचं निमित्त होऊन गेली.

भेटायला आलेल्यांत वरच्या मजल्यावरची शिक्षिका होती. पाण्याचा पेला हातात तसाच धरून ती म्हणाली, ‘काका, सांगू की नको कळत नाही. नवा कठडा बसला तेव्हा एकदा काकू आमच्या दाराला किल्ली लावत होत्या. मी दार उघडलं तर केवढ्या घाबरल्या. म्हणाल्या, जुन्या कठड्याला तुमच्या मजल्यावर एक गाठ होती. तिच्यावर हात आला की घर आलं. आता घर कुठे ते कळतच नाही.’

‘मला का नाही सांगितलं?’ मामाने विचारलं.

‘मी म्हटलं, काकांना सांगते. तर हात घट्ट धरला माझा. त्यांना सांगू नकोस, फार हौसेने बसवलाय, म्हणाल्या.’

म्हणजे गुडघ्यांना काहीच झालं नव्हतं. मामाकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पुढच्या वेळी गेले तर जिन्यात वेल्डर सामान मांडून बसला होता.

‘काका, चांगल्या कठड्याला गाठ कशाला? लोकांच्या हाताला लागेल.’

‘लागू दे.’

वेल्डरने खडू पुढे केला. ‘खूण करा, तिथे लावतो.’

मामा डोळे मिटून, कठड्यावर हात ठेवून चढू लागला. वळणावर थांबला. दारापर्यंत गेला. परत वळणावर आला.

‘इतक्या गाठी मारल्या मी,’ तो मला म्हणाला. ‘या मजल्यावरची कुठे होती गं? वळणावर की दारापाशी?’

मला माहीत नव्हतं.

‘मग दोन्हीकडे लावू का?’ वेल्डरने खालून विचारलं.

‘नको,’ मामा म्हणाला. ‘तिचा गोंधळ होईल.’