माशांच्या पेटीचं बटण

घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करणं हे आमच्याकडे माझं खातं. बायको चपला घालते तोवर मी दिवे, पंखे, गीझर बघतो. कुलूप लावल्यावर ते उघडून गीझर पुन्हा बघतो. अख्ख्या डोंबिवलीत या कामात माझा हात कोणी धरणार नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी ही कला मी वागळे इस्टेटमधल्या एका प्रयोगशाळेत दाखवली. मुलगी तिथे झेब्रामाशांवर काम करते, आणि सुट्टीच्या दिवशी तिची स्कूटरवरून ने-आण माझ्याकडे. अंड्यातली पिल्लं काचेसारखी आरपार. त्यांच्या मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी कधी, कुठे उगवतात हे तिला बघायचं होतं. नेमक्या त्याच पेशी हिरव्या चमकाव्यात म्हणून तिने अंड्यांत एक जीन सोडला होता. आधीच्या खेपांना काहीच चमकलं नव्हतं.

"या वेळी नाही झालं तर पीएचडी सोडते," स्कूटरवर मागून ती म्हणालेली. मी हेल्मेटमधून "हं" म्हटलं. मोठं काही बोलायची वेळ आली की मी सिग्नल बघतो.

रविवारी ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. मी डबा धरून उभा.

"नुसता काळोख. चल बाबा, घरी जाऊ."

डिश परत ठेवायला तिने उबेची पेटी उघडली आणि हात तसाच आत राहिला. "ही गार कशी?" तिने भिंतीवरच्या बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काल शेवटी बाहेर कोण पडलं?"

"अगं, लाल दिवा उगाच जळत होता..."

"बाबा! गीझर आहे का तो? अंडी उबेला ठेवलेली!"

"मेली?"

तिने पुन्हा डोळा लावला. "नाही. हृदयं धडधडतायत. थंडीत वाढ मंदावते फक्त. म्हणजे पेशी अजून उगवायच्याच असतील." ओरडायचं होतं, पण आवाज हलका झालेला. बटण चालू करून तिने त्यावर चिकटपट्टी मारली.

सोमवारी संध्याकाळी फोन आला, "ये. हात खिशात ठेवून ये."

सूक्ष्मदर्शकात आधी मला माझीच पापणी दिसली. मग मेंदूच्या मागच्या भागात, मधोमध, चार-पाच हिरवे ठिपके.

"दिसलं?"

"दिसलं. माझ्यासारखेच आहेत, उशिरा पेटलेले."

"तू विझवू नकोस म्हणजे झालं."

परतताना ती पुढच्या खेपेच्या अंड्यांबद्दलच बोलत होती. घराखाली उतरताना म्हणाली, "उद्या डब्यात दोन पोळ्या जास्त घालायला सांग आईला. उशीर होईल."